एक घर, एक खातं

विजयसिंहनं पाकिटाची कड दातानं तोडली, आतला कागद झटकून उलगडला आणि ओसरीच्या कडेला उजेडात धरून मोठ्यानं वाचायला घेतला. घरात कुठलंही पत्र आलं की ते असंच वाचलं जायचं. लपवण्यासारखं या घरात काही नसतं, असं त्याचे वडील मानसिंगआबा म्हणत. आणि आबा म्हणत म्हणजे ते तसंच असायचं.

“सन्माननीय ग्राहक, नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी आमची कंपनी सज्ज आहे...” त्यानं दोन ओळी गाळल्या. “इंदापूर, दौंड, अकलूज, फलटण इथली ई-मेल केंद्रं बंद होत असून सर्व पत्रव्यवहार यापुढे मुंबईच्या मुख्य यंत्रावर सांभाळला जाईल. एक घर, एक खातं या योजनेनुसार आपल्या दूरध्वनी क्रमांकावर नोंदलेली सर्व खाती एक डिसेंबरपासून एकत्र करण्यात येतील. परवलीचा शब्द बारामती कार्यालयात समक्ष मिळेल.”

तो थांबला. बोट मागं नेऊन त्यानं एक शब्द पुन्हा वाचला.

“सर्व खाती? सर्व म्हंजी? आपलं तर एकच हाय.”

उंबऱ्याशी बसून त्याची बायको स्वरूपा सुपात हुलगे पाखडत होती. सूप थांबलं. आपलं सूप थांबल्याचं कुणाच्या ध्यानात येईल या धास्तीनं तिनं ते लगेच हलवलं, तर मूठभर हुलगे उडून अंगणात सांडले.

बाजेवर आबा सुपारी कातरत होते. अडकित्ता मिटला, पण सुपारी कातरली गेली नाही. निसटून धोतराच्या सोग्यात पडली.

“छापील कागूद हाय त्यो,” ते म्हणाले. “समद्यास्नी तसलाच आला आसंल. घाल घडी.”

विजयसिंहनं घडी घातली. कागद खिशात सरकवताना मात्र त्यानं एकदा बायकोकडं पाहिलं. नुसतंच पाहिलं. ती खाली वाकून अंगणातला एकेक हुलगा वेचत राहिली.

नव्याण्णव सालचा नोव्हेंबर होता. पळसदेवात टेलिफोन असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी, आणि ई-मेल असलेली त्याहून कमी. विजयसिंहची द्राक्षं परदेशी जाऊ लागली तेव्हा बारामतीच्या व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, फवारणीचं वेळापत्रक आणि माल उचलायची तारीख आता ई-मेलनंच येईल. म्हणून त्यानं इंदापुरात, एसटी स्टँडसमोर सायकल दुकानाच्या माडीवर रश्मी रणपिसेच्या केंद्रात नाव नोंदवलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या धोंडीबांची ही मुलगी. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून परत आली आणि पुण्याच्याच एका छोट्या कंपनीकडून तिनं हे केंद्र घेतलं. खोलीत एक यंत्र होतं. ते दिवसातून तीनदा टेलिफोनवरून पुण्याला हाक मारायचं, आलेली पत्रं उतरवून घ्यायचं आणि लिहिलेली धाडायचं. बाकी सगळी पत्रं तिथंच, त्या खोलीत राहायची. कुणाला वाचता येत नसेल तर रश्मी वाचून दाखवायची, लिहिता येत नसेल तर लिहून द्यायची.

स्वरूपाचं माहेर इंदापूरचं. आईचा डावा हात लुळा पडल्यापासून ती पंधरा दिवसांतून एकदा तिला न्हाऊमाखू घालायला जायची. दीड वर्षापूर्वी अशीच परतताना माडीवरून हाक आली होती.

“वहिनी, जरा वर येता का? मस्कतवरनं हितल्या पत्त्यावर तुमच्या नावानं कायतरी आलंय.”

मस्कत म्हटल्यावर स्वरूपा आजूबाजूला बघून भराभर जिना चढली. मस्कतला तिची नणंद होती. वैजयंता. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. वैजूनंच हट्ट धरून तिला आपल्या घरात सून करून आणलं होतं. पुढं वैजूचं लग्न फलटणकडच्या मोठ्या घरात झालं. दोनदा ती तिथून पळून आली, दोनदा आबांनी तिला स्वतः जीपमध्ये घालून परत नेलं. तिसऱ्यांदा ती पळसदेवला आलीच नाही. तिचं नर्सिंगचं शिक्षण झालेलं होतं. पुण्याहून ती थेट मस्कतच्या इस्पितळात नोकरीला निघून गेली. त्या दिवशी आबांनी भिंतीवरचा तिचा फोटो काढला आणि सांगितलं, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. त्याला आता चार वर्षं झाली होती, आणि कुणी घेतलं नव्हतं.

वैजूचे नर्सिंगचे दाखले मात्र आबांच्या लोखंडी कपाटात होते. दाखल्यांशिवाय तिला कुणी दारात उभं केलं नसतं. ते कपाटातून काढून, आईच्या औषधांच्या पिशवीत घालून इंदापूरपर्यंत कुणी नेले, हे वैजू आणि स्वरूपा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. दाखल्यांचा प्रश्न घरात निघाला तेव्हा विजयसिंह इतकंच म्हणाला होता, “ज्यानं दिलं त्याला मी या उंबऱ्याच्या आत ठिवणार न्हाय.” तो संतापानं बोलला नव्हता. म्हणूनच ते स्वरूपाच्या ध्यानात राहिलं होतं.

आणि वैजूची पत्रं या गोष्टीनं भरलेली होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. पहिल्या पत्रात पहिल्याच ओळीत, स्वरू, तू दिलेले दाखले इथं काचेच्या चौकटीत लावलेत. अशी सव्वीस पत्रं. रश्मीनं खातं उघडताना टेलिफोनचा नंबर विचारला, आणि स्वरूपानं घरचा सांगितला. दुसरा कुठला नंबर तिला पाठच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आईचं निमित्त काढून ती इंदापूरला गेली. माडीवर भिगवणचे मासळीचे ठेकेदार हिंदुराव खुर्ची उलटी करून बसले होते.

“ह्ये बंद हुतंय त्ये ब्येस झालं,” ते सांगत होते. “हितं मी कलकत्त्याला काय भाव लिवला, त्यो सांजच्याला भिगवणच्या चौकात लोकं बोलत्यात.”

“चौकात तुमीच मोठ्यानं बोलता, तात्या,” रश्मी म्हणाली. ती रजिस्टरात काहीतरी लिहीत होती. मान वर केली नाही.

“आन तू वाचत न्हाईस व्हय?”

“वाचून दाव म्हणता तवा वाचते.”

“त्येच म्हणतोय मी. वळखीच्यानं वाचण्यापरीस बिनवळखीच्यानं वाचल्यालं बरं. मुंबईत आपल्याला वळखतंय कोण?”

“वळखत न्हाईत म्हणून वाचणार न्हाईत, असं कुठं हाय?”

हिंदुराव हसले, पानाची पिंक टाकायला खिडकीशी गेले आणि तसेच जिना उतरून निघून गेले. बाकावर बसलेल्या स्वरूपाला त्यांचं म्हणणं पटल्यासारखं वाटत होतं. या मुलीला आपलं सगळं ठाऊक आहे. आपण काय केलं, कधी केलं, कुठल्या पिशवीतून केलं. दीड वर्ष हिनं ते वाचलं असेल की नसेल, याचा विचार आपण कधी केलाच नाही.

“माझं समदं पुसून टाक,” ती म्हणाली.

“हितलं पुसते. पर मुंबईची माणसं गेल्या आठवड्यात येऊन समद्याची नक्कल घेऊन गेली.”

“तू दिलीस?”

“मशिन पुण्याच्या कंपनीचं व्हतं, वहिनी. त्यांनी धंदा इकला तसं मशिनबी इकलं.”

“आन आमची पत्रं?”

रश्मीनं लेखणी खाली ठेवली. “तीबी.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. रश्मीनं रजिस्टर मिटून स्वतःकडं ओढलं. मग म्हणाली, “कुणाचा कुठला नंबर, ती यादी मी आजून दिली न्हाय. खाती जोडणार ती त्या यादीवरनं. बगते मी.”

“काय बगतेस?”

“बगते म्हणलं ना.”

एवढ्यात जिन्यावर बुटांचे आवाज आले. गळ्यात टाय बांधलेला एक पन्नाशीचा माणूस आत आला. रश्मी उठली, पदर सारखा केला, त्याला खुर्ची दिली. तो म्हणाला, “मग, बारामतीला बसणार ना आमच्याकडे? टेबल तयार ठेवलंय.” रश्मी हसली. एसटीत बसल्यावर स्वरूपाला खिडकीतून दिसलं, रश्मी रजिस्टर छातीशी धरून कंपनीच्या जीपमध्ये चढत होती.

घरी येईपर्यंत स्वरूपाच्या मनाशी पक्कं झालं होतं. टेबल मिळालं, रजिस्टर दिलं. यात न कळण्यासारखं काय आहे?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विजयसिंह म्हणाला, “बारामतीला जाऊन येऊ. पोराला वसतिगृहात भेटू, आन त्ये खात्याचं बी उरकू.” मग पायात चप्पल घालताना, “तूबी आत चल. बगू तरी काय काय निघतंय.”

हे तो सहज म्हणाला की मुद्दाम, याचा विचार ती मोटारसायकलवर त्याच्या मागं बसून बारामतीपर्यंत करत राहिली. पाठीवरून माणसाचं काही कळत नाही.

कंपनीचं कार्यालय नवंकोरं होतं. दार काचेचं, लोक चपला बाहेर काढून आत जात होते. भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगलेला. गावागावांतून लाल रेघा निघून मुंबईला मिळत होत्या, आणि मुंबईच्या जागी इतक्या रेघा दाटल्या होत्या की तिथं नुसता एक लाल डाग उरला होता. टायवाल्या अधिकाऱ्यानं दोघांना समोर बसवलं, पडदा त्यांच्याकडं फिरवला.

स्वरूपानं मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळले. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. द्राक्षं. फवारणी. माल उचलायची तारीख. पुन्हा द्राक्षं. ओळी संपल्या. तिनं खालून वर पुन्हा पाहिलं. मस्कतचं काहीच नव्हतं.

“एवढंच?” विजयसिंहनं विचारलं.

“एवढंच. म्हणजे...” अधिकाऱ्यानं शेजारची फाईल उघडली. “ऑक्टोबरपर्यंत तुमच्या नंबरावर तीन खाती असल्याची पुण्याच्या दप्तरी नोंद आहे. आता यादीत एकच आलंय.”

“तीन?”

“नावं नाहीत. नुसता आकडा.” त्यानं खांदे उडवले. “इंदापूरच्या यादीत सगळाच घोळ आहे हो. त्या बाईंना आम्ही इथं घेणार होतो. पण ज्याला साधी यादी नीट करता येत नाही, त्या माणसाला घेऊन काय करायचं? नाही म्हणून सांगितलं.”

विजयसिंहनं सही केली. बाहेर येऊन दोघांनी आपापल्या चपला शोधल्या.

परतताना भिगवणला रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घेतला. तव्यावर मासे तळल्याचा वास सुटला होता. विजयसिंह बशीतला चहा हलवत होता.

“तीन कशी आसतील गं?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“मलाबी कळंना.”

हे तो चहाकडं बघून म्हणाला, आणि स्वरूपा मनाशी मोजू लागली. एक त्याचं. एक आपलं. मग तिसरं कुणाचं? इतके दिवस ती आपलं खातं सापडेल म्हणून भीत होती. घरात आणखी एक खातं असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तो आठवड्यातून दोनदा इंदापूरला जातो. द्राक्षांच्या तारखेसाठी दोनदा जावं लागतं? घरात टेलिफोन आहे, रश्मीला विचारलं तर ती सांगते. आणि आत्ता “मलाबी कळंना” म्हणताना त्यानं वर का पाहिलं नाही?

त्या दिवसापासून ती घरात पाहुण्यासारखी वावरू लागली. धुवायला टाकलेल्या शर्टाचे खिसे ती आधीही तपासायची, पण नाण्यांसाठी. आता प्रत्येक चिठोरा उलगडून बघू लागली. फोन वाजला की विजयसिंह उचलायच्या आत उचलायची. तो मळ्यात गेला की त्याची डायरी पानापानानं चाळायची. त्यात औषधांची नावं होती आणि मजुरांची. काहीच सापडत नव्हतं, आणि काही सापडत नाही म्हणजे नीट लपवलंय, असं तिला वाटत होतं.

मग एका दुपारी तिनं आपली ट्रंक उघडली. साड्या जागच्या जागी होत्या. पण घड्या तिनं घातलेल्या नव्हत्या. काठ आतल्या बाजूला जातील अशी घडी ती कधीच घालत नसे.

ती ट्रंकेशी तशीच बसून राहिली. तोही शोधतो आहे. दोघं एका छपराखाली एकमेकांच्या पाठीमागं एकमेकांचे खिसे उलटे करत आहेत. जेवताना तो म्हणाला, मीठ कमी हाय. ती म्हणाली, घ्या वरनं. आबा मध्ये बसून खाली मान घालून जेवत होते. एवढंच बोलणं दिवसभरात झालं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आईकडं न जाता ती थेट धोंडीबांच्या घरी गेली. माडीवरच्या खोलीला कुलूप होतं. यंत्र कंपनीनं उचलून नेलं होतं. रश्मी घरातल्या पुढच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी मांडलेल्या एका जुन्या संगणकासमोर बसली होती. केबल खिडकीतून टेलिफोनपर्यंत ओढलेली.

“माझी पत्रं कुठं गेली?” स्वरूपा दारातूनच म्हणाली.

“बसा तरी, वहिनी.”

“बसायला न्हाय आले. बारामतीला आमच्या नंबरावर न्हाईत. कुणाला दिलीस? आन तिसरं खातं कुणाचं व्हतं? ह्यांचं का? माझ्या गळ्याची आण हाय, खरं सांग.”

रश्मीनं उठून दार लोटलं. स्टूल पुढं सरकवलं. स्वरूपा टेकली तशी ती बोलू लागली.

“तुमची पत्रं हितं हायती. ज्यांचं त्यांच्या घराच्या नंबराला जोडून चालणार नव्हतं, त्यांच्या नावापुढं मी आमचा नंबर लिवला. ह्या घरचा, आमच्या बापूंच्या नावावरचा. अकरा माणसं हायती. त्यांची पत्रं मुंबईनं एकत्र करून एका ढिगात घातली. रोज सकाळी बसून ज्याचं त्याला येगळं करते.”

“अकरा?”

“व्हय. पत्र आलंय मुंबईवरनं, एका नंबरावर अकरा आडनावं कशी?” रश्मीला हसू आलं. “मी कळवलं, आमचं एकत्र कुटुंब हाय म्हणून.”

स्वरूपाला हसू आलं नाही. टायवाला म्हणाला होता तो घोळ तिला आत्ता कळला. भिंतीला टेकून ठेवलेली माडीवरची पाटी दिसत होती, आणि तिच्यावर कुणीतरी वाळत टाकलेला टॉवेल.

“टेबल गेलं तुझं,” ती म्हणाली.

“गेलं.”

एवढं म्हणून रश्मी संगणकाकडं वळली. यंत्रानं बराच वेळ किरकिर केली, शिट्टी मारली, मग पडद्यावर ओळी उतरू लागल्या. कुणाकडून आलं, आणि पत्राचं नाव. कलकत्ता. नाशिक. दुबई. मग मस्कत: वैजयंताचं नाव, आणि पुढं इंग्रजी अक्षरांत, स्वरू, किती दिवस झाले. स्वरूपा पुढं वाकली. त्याच्याच खाली आणखी एक ओळ उतरली. मस्कत, वैजयंताचंच नाव. आणि पुढं, आबा, तुम्ही गोळ्या घेता का?

रश्मीचा हात चटकन पुढं गेला आणि पडदा काळा झाला.

खिडकीबाहेर धोंडीबा कुणाशी तरी बोलत होते.

“तुमी काय बगितलं न्हाय,” रश्मी म्हणाली.

“न्हाय.”

“वहिनी, मी कुणाचं कुणाला सांगत न्हाय. तुमचं बी न्हाय, त्यांचं बी न्हाय.”

“त्यांना लिवता येत न्हाय इंग्रजी,” स्वरूपा म्हणाली. ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली.

रश्मीनं प्रिंटरला कागद लावला, पडदा उजळण्याआधी स्वरूपाकडं पाहिलं, आणि स्वरूपानं न सांगता तोंड खिडकीकडं फिरवलं.

एसटीत तिनं वैजूचं पत्र वाचलं नाही. पोलक्यात ठेवलेला कागद टोचत होता. उजवीकडं उजनीचं पाणी लांबपर्यंत पसरलेलं, त्यात बाभळींचे शेंडे. आबा. फोटो काढून टाकणारे आबा. केव्हापासून? वर्ष? दोन वर्षं? वैजूनं तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मग आबांनाही आपलं सांगितलं नसेल. की सांगितलं असेल? दाखल्यांचं सांगितलं असेल का? चार वर्षं त्यांच्यासमोर ताट वाढताना ते आपल्याकडं बघायचे, ते काय म्हणून बघायचे? नवऱ्यावरचा संशय जिथून निघाला होता तिथं आता मोकळी जागा झाली होती, आणि त्या जागेत दुसरीच भीती येऊन बसली.

घरी दिवे लागले होते. विजयसिंह आणि आबा पाटावर बसलेले. तिनं हातपाय धुतले, ताटं मांडली. विजयसिंहनं पहिला घास मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“हिंदुराव भेटला मघाशी. म्हणला, तुमची मालकीण धोंडीबाच्या घरात शिरताना बगितली.”

स्वरूपाच्या हातातला पळा आमटीतच राहिला.

“आईकडं गेली व्हतीस ना? रश्मीकडं काय काम?” त्याचा आवाज चढलेला नव्हता. “कवापासून इचारायचं म्हणतोय. तीन खाती हायती. एक माझं. दोन कुणाची?”

तिनं तोंड उघडलं. खोटं कुठलं सांगावं हे तिला सुचेना, आणि खरं ओठाशी आलेलं होतं. चार वर्षं आत दाबून ठेवलेलं ते एकदाचं बाहेर पडलं असतं तर कदाचित बरंच वाटलं असतं.

“म्या धाडली व्हती तिला,” आबा म्हणाले.

विजयसिंहनं मान वळवली.

“माझी हायती ती. दोनीबी.” आबा भाकरी कुस्करत होते, त्यांची नजर ताटातच होती. “धरणात गेलेल्या जमिनीचं कागूद हायती. मुंबईला अर्ज धाडायचा म्हणून काढलं व्हतं खातं.”

“आन दुसरं?”

“पयल्याचं नाव ध्यानात ऱ्हाईना. म्हणून रश्मीनं दुसरं काढून दिलं. म्हाताऱ्या माणसाचं हुतंय तसं.”

“मग मला सांगायचं की, आबा.”

“तुला समदं सांगायला तू काय तलाठी हायस? जेव.”

विजयसिंह जेवू लागला. मध्येच एकदा त्यानं स्वरूपाकडं पाहिलं, आणि या खेपेला डोळे आधी त्यानंच खाली घेतले. ट्रंकेतल्या साड्या त्यालाही आठवत असाव्यात. चार घास खाऊन तो उठला आणि पाण्याची मोटार चालू करायला मळ्यात निघून गेला. लाईट आठलाच यायची होती.

स्वरूपा आबांसमोर उभी होती. दोन्ही माझी, असं ते म्हणाले होते. घरात आणखी एक खातं आहे आणि ते कुणाचं आहे, हे ठाऊक असल्याशिवाय माणूस दोन्ही माझी म्हणत नाही. आमटीवर पापुद्रा धरला होता. तिनं पळा हलवला, वाढायला वाकली.

आबांनी ताटावर आडवा हात धरला. पुरे. मग हात तसाच ठेवून, दाराबाहेर गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत ते थांबले.

“मंगळवार माझा आसतो,” ते म्हणाले. “तू बुधवारचीच जात जा.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी सरकवला.